पेणचा फाटा, रोह्याची हद्द आणि घरातली आगगाडी

वाढदिवसाला आलेल्या बॅटरीच्या आगगाडीचं आयुष्य बहुतेक घरांत सारखंच असतं. पहिल्या दिवशी सगळं घर तिच्याभोवती बसतं, दुसऱ्या दिवशी शेजारची पोरं येऊन बघून जातात आणि आठवडा संपायच्या आत खोका कपाटावर जातो. वर मुलाच्या नावाने शेरा: याचं कशातच मन रमत नाही. मुलाची बाजू कुणी विचारत नाही. गोल रुळावर सोडलेली गाडी एकच गोष्ट करू शकते आणि मुलाने ती पहिल्या दहा मिनिटांतच बघून संपवलेली असते. बटण दाबल्यानंतर त्याला करण्यासारखं काही उरत नाही.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे आणखी मोठा सेट. त्यात डबे जास्त, इंजिनाला दिवा, शिट्टीचा आवाज आणि पुन्हा तोच गोल. हे पैसे बहुतांशी वाया जातात असं माझं मत आहे. आहे त्याच गाडीत थोडी सुतारकी, थोडा कागदाचा लगदा आणि थोडी रेल्वेची अक्कल घातली तर ती वर्षभर पुरते. ही अक्कल रायगडातल्या मुलांच्या तर दारावरून रोज धडधडत जाते.

पनवेलहून सुटलेली रोह्याची गाडी सोमाटणे, रसायनी, आपटा, जिते, हमरापूर करत पेणला येते. पुढे कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. पनवेलपासून अंतर सुमारे ७५ किलोमीटर. मेमूच्या खिडकीत बसलेल्याला भातखाचरं आणि डोंगर दिसतात. पण रूळ नीट बघितले तर या टापूत बरंच काही घडतं. पेणला एक फाटा थळच्या खत कारखान्याकडे निघतो आणि त्यावरून मालगाड्या जातात. पेणजवळच डोलवीचा पोलाद कारखाना आहे, नागोठण्याला पेट्रोकेमिकलचा, रोह्याला धाटावची एमआयडीसी. १९८६ साली रूळ रोह्यापर्यंत पोचले आणि काही वर्षं तिथेच संपत होते. १९९३ मध्ये रोहा ते वीर हा टप्पा सुरू झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. मध्य रेल्वेची हद्द रोह्याला संपते, कोकण रेल्वेची तिथून सुरू होते.

म्हणजे चाळीसेक किलोमीटरच्या पेण–रोहा पट्ट्यात एक फाटा आहे, एक हद्द आहे, माल चढवायच्या-उतरवायच्या जागा आहेत. कुठली गाडी कुठे वळवायची, कुणाला बाजूला टाकायचं, कुणाला आधी सोडायचं, हे इथे कुणीतरी सतत ठरवत असतं. घरातल्या गोलात ठरवायला काहीच नसतं. गाडीत बदल करायचा तो एवढ्यासाठीच: मुलाला ठरवायला काहीतरी मिळावं म्हणून.

ब्रिटिश शिल्पकार सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये ‘सुट्या भागां’चा विचार मांडला. भोवती हलवता, जोडता, बदलता येण्याजोग्या जितक्या गोष्टी, तितकं मुलाचं डोकं चालतं, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी त्याआधीच बोर्डी आणि कोसबाडला शंखशिंपले, बिया, पानं घेऊन बालवाडी चालवून दाखवली होती. आगगाडीचा सेट म्हणजे सुटे भागच. फक्त ते एकाच पद्धतीने जोडायचे असतात अशी खोक्यावरच्या चित्राने सगळ्यांची समजूत करून दिलेली असते.

सुरुवात रुळांपासून करू. बाजारात मिळणारे बहुतेक लाकडी रूळ स्वीडनच्या ब्रिओ कंपनीने १९५८ मध्ये आणलेल्या लाकडी रेल्वेच्या मापाचे असतात, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांचे तुकडे एकमेकांना बऱ्यापैकी जुळतात. आयकियाचे लाकडी रूळही त्यातलेच. त्यांत मोठ्या वळणाचा एक तुकडा ४५ अंशांत वळतो, म्हणून आठ तुकड्यांत गोल पुरा होतो. प्लॅस्टिकच्या सेटमध्ये कुठे आठ, कुठे बारा. मुलाला सांगावा असा हिशेब असा: रूळ एकमेकांना न छेदता फिरून जागेवर यायचे असतील तर डावीकडे वळणारे तुकडे उजवीकडच्यांपेक्षा बरोबर आठने जास्त असले पाहिजेत, किंवा उलट. मधे एक उजवा तुकडा घातला की कुठेतरी एक डावा वाढवावाच लागतो. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा मार्ग असेल तर डावे-उजवे समसमान. एवढं जुळूनही टोकं भेटतीलच असं नाही, कारण सरळ तुकड्यांचाही समोरासमोर मेळ बसावा लागतो. लाकडी रुळांच्या सांध्यात मुद्दाम थोडी ढिलाई ठेवलेली असते, ती बोटभर चूक पोटात घालते. सहा-सात वर्षांचं मूल हे सूत्र न सांगताही चार-पाच दिवसांत स्वतःच शोधतं. शक्यतो शोधू द्यावं.

पहिला बदल बिनपैशाचा: गोल तोडायचा. रूळ लांबच लांब टाकायचे, एका टोकाला पेण, दुसऱ्याला रोहा. पुठ्ठ्यावर पिवळा रंग देऊन स्टेशनच्या पाट्या लिहायच्या, मधे कासू, नागोठणे आणि निडी. गाडीला आता जायला ठिकाण मिळतं आणि पोचल्यावर परत कसं यायचं हा प्रश्नही मिळतो. हाताने ढकलायच्या गाडीला त्याचं काही वाटत नाही. बॅटरीची गाडी मात्र बहुधा एकाच दिशेने पळते आणि टोकाला जाऊन फरशीवर उतरते. खऱ्या रेल्वेतही इंजिनाच्या गाडीला शेवटच्या स्टेशनात हीच कटकट असते. इंजिन सोडवा, बाजूच्या रुळावरून पलीकडे न्या, दुसऱ्या टोकाला लावा. मेमूला दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते, म्हणून दिवा–रोहा गाडीचा चालक नुसता या टोकाकडून त्या टोकाला चालत जातो.

घरच्या गाडीसाठी याला उत्तम तोड म्हणजे फिरती तबकडी. वाफेच्या इंजिनांच्या काळी मोठ्या स्टेशनांत इंजिनाचं तोंड फिरवायला अशा तबकड्या असत. सुताराकडून नऊ मिलिमीटर प्लायचा गोल कापून आणायचा, मधोमध सरळ रुळाचा एक तुकडा चिकटवायचा आणि मध्यावर खिळा ठोकून गोल दुसऱ्या चौकोनी प्लायवर फिरता ठेवायचा. खिळ्याखाली एक वायसर टाकला की घासत नाही. येणारे रूळही प्लायच्या तेवढ्याच जाडीवर उचलून घ्यायचे, नाहीतर पायरी पडते. इथे एक बारीक गोम आहे. रुळाचा तुकडा १६ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद असेल तर मध्यापासून त्याचं टोक ८ सेंटिमीटरवर असतं, पण कोपरा असतो सव्वाआठवर. तबकडी फिरवताना हे चार कोपरे बाहेरच्या रुळांना अडतात. म्हणून दोन्ही टोकं पॉलिश पेपरने किंचित गोलसर घासायची आणि मधे दोन मिलिमीटरची फट ठेवायची. एवढी फट चाकं सहज ओलांडतात. प्लॅस्टिकच्या रुळांना घासण्याची सोय नसते, तिथे फट थोडी जास्त ठेवून भागतं.

या तबकडीला चारी बाजूंनी रूळ लावता येतात. एक पनवेलकडे, एक रोह्याकडे, एक थळचा फाटा आणि चौथा नुसता डबे उभे करायला. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायचा विकतचा सांधा दोन वाटा देतो, ही चार देते. तो सांधा स्वस्त सेटमध्ये नसतोच आणि सुटा घ्यायला गेलं तर महाग पडतो.

आता गाड्या दोन करायच्या. दुसरी गाडी विकतच आणायला हवी असं नाही, काडेपेट्यांचे डबे जोडून ओढलेली चालते. आणि इथून भांडण सुरू होतं, कारण रूळ एकच आणि दोन्ही भावंडांना रोह्याला आधी पोचायचं असतं. कोकणातल्या प्रवाशाला हा प्रसंग पाठ असतो. गाडी मधल्याच स्टेशनात थांबते, लोक दारात येऊन उभे राहतात, कुणीतरी ‘क्रॉसिंग आहे’ म्हणतं, समोरून एक्स्प्रेस सुसाट निघून जाते आणि मग आपली हलते. रोहा ते वीर मार्ग २०२१ मध्ये दुहेरी झाला, पण पुढे बहुतांश कोकण रेल्वे अजून एकेरीच आहे.

एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून रेल्वेने फार पूर्वी एक साधी युक्ती काढली होती. दोन स्टेशनांच्या टप्प्यासाठी चालकाच्या हातात एक वस्तू द्यायची. ती हातात असल्याशिवाय त्या टप्प्यात गाडी घालायची नाही. भारतात बऱ्याच मार्गांवर यासाठी लोखंडी गोळा वापरत. दोन्ही स्टेशनांतली यंत्रं तारेने जोडलेली असत आणि एका टोकाला गोळा बाहेर काढला की तो पुन्हा यंत्रात जाईपर्यंत दुसरा निघत नसे. घरी यंत्राची गरज नाही. पेण ते नागोठणे टप्प्यासाठी एक लाल बांगडी, नागोठणे ते रोहा टप्प्यासाठी एक हिरवी. बांगडी ज्याच्या मनगटावर, गाडी त्याची. दुसऱ्याने नागोठण्याला, तिथे बसवलेल्या तशाच आणखी एका तबकडीवरून, बाजूच्या रुळावर जाऊन थांबायचं. बाजूच्या रुळाची लांबी मात्र गाडीएवढी हवी, शेवटचा डबा बाहेर राहिला तर समोरची गाडी त्यावर आदळते. एवढा साधा नियम घातला की मुलं एकमेकांवर ओरडायचं सोडून स्टेशन मास्तरसारखं बोलायला लागतात. सेटच्या खोक्यातून हा खेळ येत नाही, पण मला विचाराल तर सगळ्या बदलांत हाच सर्वांत दमदार.

पूल करायची हौस प्रत्येक मुलाला असते आणि तिथे प्रत्येक घरात गाडी अडते. चढ समजायला आपल्या जिल्ह्यातच दोन टोकाची उदाहरणं आहेत. आदमजी पीरभॉय घराण्याने बांधलेली नेरळ–माथेरान गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. दोन फुटी रूळ आणि चढ वीसास एकपर्यंत, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. कोकण रेल्वे वेगासाठी आखली, म्हणून तिचा चढ दीडशेस एक आणि वळणाची त्रिज्या सव्वा किलोमीटरच्या खाली नाही असा दंडक ठेवला. या दंडकापायीच डोंगर फोडून नव्वदहून जास्त बोगदे काढावे लागले.

हे आकडे घरच्या फरशीवर मांडून बघा. खालून सात सेंटिमीटर उंचीची गाडी जायची तर वरचा रूळ निदान आठ सेंटिमीटर उचलायला हवा. कोकण रेल्वेच्या चढाने ते करायला १२ मीटर लागतील, म्हणजे ओटीपासून परसदारापर्यंत. माथेरानच्या चढाने १ मीटर ६० सेंटिमीटर, आणि उतरायला तेवढेच. रुळाचा एक तुकडा १६ सेंटिमीटरचा धरला तर दहा तुकडे, दर तुकड्याला आठ मिलिमीटर उंची. हे हॉलमध्ये मावतं. विकतच्या पुलांचा चढ याच्या दुप्पट-तिप्पट तीव्र असतो, म्हणून इंजिन मध्यावर चाकं फिरवत जागच्या जागी गुरगुरत राहतं.

दर तुकड्याखाली प्लायचे तुकडे रचून खांब करायचे. सुताराकडे कात्रणं फुकट मिळतात. पण पहिल्या खांबालाच पूर्ण आठ मिलिमीटर उचललं तर रुळाला एकदम कोन पडतो, इंजिनाचं पोट टेकतं किंवा डब्याचा आकडा सुटतो. म्हणून पहिला खांब तीन मिलिमीटरचा, दुसरा आठचा, मग नियमित. वरच्या टोकालाही तसंच हळू सपाटीला यायचं. चढ शक्यतो सरळ भागात घ्यावा. वळणावर चाकांच्या कडा रुळाला घासतात आणि तेवढा जोर आणखी लागतो. खरे अभियंतेसुद्धा वळणावर चढ थोडा सौम्य करतात. खांब करायचा कंटाळा असेल तर घरातलाच चढउतार वापरावा. ओटी आणि पडवी यांतली पायरी, किंवा गणपती गेल्यावर वर्षभर माळ्यावर पडून असलेला चौरंग.

इंजिन तरीही घसरत असेल तर त्याचा रबर बघायचा. बॅटरीच्या इंजिनाच्या चालत्या चाकांना बारीक रबरी कडी असते आणि ती सैल झाली किंवा धुळीने गुळगुळीत झाली की पकड जाते. ओल्या फडक्याने पुसून बघावं, नाहीतर फुग्याची अरुंद पट्टी कापून चढवावी. इंजिनावर थोडं वजन ठेवूनही पकड वाढते, पण वजन चालत्या चाकांवर बरोबर यायला हवं. डब्यांत टाकलं तर ओझंच वाढतं.

पळताना गाडी वळणावर उलटते, त्याचं कारण वेग. बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग निम्मा केला की हा जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. दोन सेलच्या गाडीत साध्या सेलऐवजी रिचार्जेबल घातले की ३ व्होल्टऐवजी २.४ मिळतात आणि गाडी आपोआप मवाळ होते. सोल्डरिंग येत असेल तर मोटरच्या एका तारेत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मिळणारा साधा डायोड घालावा. तो सुमारे ०.७ व्होल्ट खातो. एकाच सेलवर चालणाऱ्या गाडीला हे करू नये, ती सुटणारच नाही. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये, कारण जुना गळून आतले पत्रे खातो. आणि हळू चालणारी गाडी मुलांना आवडत नाही हा मोठ्यांचा समज आहे. हळू गाडीवर माल चढवता येतो, तिच्यापुढे फाटक टाकता येतं.

वळणावर डबा अडकत असेल तर त्याचे दोन्ही आस ताठ आहेत आणि एकमेकांपासून फार लांब आहेत. माथेरानच्या वाफेच्या इंजिनांपुढे हीच अडचण होती, कारण तिथली वळणं विलक्षण तीव्र. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने बांधलेल्या त्या इंजिनांच्या पुढच्या-मागच्या आसांना थोडं बाजूला सरकायची, वळायची मुभा ठेवलेली होती. लाकडी डब्याच्या आसाचं भोक गोल कानशीने अर्धा मिलिमीटर मोठं केलं की तोच गुण येतो. जास्त मोठं केलं तर डबा डगडगतो, तेव्हा घाई नको.

डबे जोडायला लाकडी गाड्यांत चुंबक असतात. एक डबा उलटा आला की तो पुढच्याला ढकलून देतो, याची लहान मुलांना फार गंमत वाटते. पण चुंबक निखळू लागले असतील तर ते काढून टाकलेले बरे. दोन जोरदार चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन वेढ्यांना मधे धरून चिमटतात आणि शस्त्रक्रियेची पाळी येते. बटणसेलही तितकेच वाईट. घरी केलेल्या गाडीवर आयएसआयची खूण नसते. विकतच्या खेळण्यांना ती २०२१ पासून सक्तीची आहे; पण आपण इंजिन उघडलं की तिचा भरवसा संपला. तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर डायोडपासून वायसरपर्यंत सगळं त्याच्या हाताबाहेर ठेवायचं. चुंबकाच्या जागी सायकलच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्ह ट्यूब वापरावी. दोन डब्यांना छोटे स्क्रू मारून बोटाच्या पेराएवढी ट्यूब त्यांवर चढवली की जोड लवचिक होतो आणि ओढला तर निघतो. याच ट्यूबच्या तुकड्यांनी काडेपेटीच्या काड्या जोडून अरविंद गुप्तांनी मुलांसाठी मेकॅनो बनवला. पुण्यातल्या आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत गेलेल्या पोरांना तो ठाऊक असतो.

काही पालकांना इथपर्यंत आल्यावर सगळं हुबेहूब करायची लहर येते. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे, १९९८ पासून चालू असलेलं. बी. एस. जोशी यांच्या छंदातून ते उभं राहिलं. ते जरूर बघावं. पण खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं जे माप हौशी लोकांत चालतं, त्याने पेण–रोहा हे चाळीस किलोमीटर अंतर सुमारे चारशे साठ मीटर भरतं. कुठलाही छांदिष्ट ते पुरं मांडत नाही. स्टेशनं ठेवतो आणि मधलं अंतर खातो. मुलंही तेच करतात, फक्त ती त्याबद्दल ओशाळत नाहीत. काचेमागची रेल्वे बघायची असते, फरशीवरची हाताळायची असते. दोन्हींचा घोळ केला की बाबा खेळतात आणि मुलगा बाजूला बसतो.

बोगदा मात्र पेणच्या पद्धतीनेच करावा. पेण, हमरापूर, जोहे या गावांत गणपतीच्या मूर्तींचे कारखाने गल्लोगल्ली आहेत आणि तिथे शाडू, प्लॅस्टर आणि कागदाचा लगदा या तिन्हींचे गुणदोष लहान पोरालाही सांगता येतात. शाडू हाताला गोड, पण जड आणि वाळताना तडकतो. प्लॅस्टर अर्ध्या तासात घट्ट होतं आणि पडलं की फुटतं. लगदा वाळायला वेळ घेतो, पण हलका राहतो आणि पडला तरी सहसा टिकतो. मुलाचा पाय पडणार हे धरून चालायचं, म्हणून लगदाच. रद्दी बारीक फाडून रात्रभर भिजवायची, दुसऱ्या दिवशी कुटून पाणी पिळून काढायचं आणि मैद्याच्या खळीत मळायची. भिजवलेल्या मेथीची पूड घातली तर चिकटपणा वाढतो. खळीला कीड लागू नये म्हणून पूर्वी मोरचूद घालत, तो विषारी आहे, खेळण्यात नको.

लगदा थापायला साचा हवा. मोठी प्लॅस्टिकची बाटली उभी चिरून पालथी ठेवायची, तिच्यावर ओलं फडकं आणि फडक्यावर बोटभर जाडीचा थर. मात्र बोगद्याची रुंदी अंदाजाने धरू नये. सरळ रुळावर डबा जेवढी जागा घेतो त्याहून वळणावर जास्त घेतो, कारण लांब डब्याचा मधला भाग वळणाच्या आत झुकतो आणि दोन्ही टोकं बाहेर पडतात. जाणकार लोक डब्याच्या मधे आणि टोकाला पेन्सिल बांधून, खाली कागद अंथरून, तो वळणावरून हाताने ढकलतात. कागदावर ज्या दोन रेघा उमटतात त्यांच्या बाहेर अर्धा इंच सोडून भिंत उभी करायची. लांबी मुलाच्या हाताच्या दुप्पट, त्याहून जास्त नको. गाडी आत अडकली की दोन्हीकडून हात पोचला पाहिजे. आणि हे काम मे महिन्यातलं. पावसाळ्यात पेणच्या हवेत लगदा सुकता सुकत नाही, वर बुरशी धरतो. वाळल्यावर पॉलिश पेपर फिरवायचा, पांढऱ्या रंगाचा एक हात द्यायचा आणि पुढचं रंगकाम मुलावर सोपवायचं. त्याला डोंगर जांभळा हवा असेल तर जांभळा.

माल हवा. थळच्या फाट्याला युरियाची पोती, म्हणजे चिंधीच्या पुरचुंड्यांत मीठ. डोलवीला पोलादाची गुंडाळी, म्हणजे बाटल्यांची पत्र्याची झाकणं. पेणहून पोहे आणि पापड चढवायला खरेच पोहे वापरले तरी चालतात, मुंग्यांची तयारी ठेवून. उघड्या डब्यासाठी विकतच्या डब्याचं वरचं झाकण काढलं की झालं.

आणि रो-रो. रोह्याच्या पुढचं स्टेशन कोलाड. तिथून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत २६ जानेवारी १९९९ पासून भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेतात. चालक ट्रकमध्येच बसून राहतो. घरात पुलबॅकच्या मोटारी आणि ट्रक पडलेले असतातच, आगगाडीशी त्यांची गाठ बहुधा कुणी घालून देत नाही. दोन-तीन डब्यांचा वरचा भाग काढून तळावर पुठ्ठा किंवा पातळ प्लाय चिकटवायचा, दोन्ही कडांना काडीची किनार द्यायची म्हणजे ट्रक घसरत नाही. डब्यांच्या मधल्या फटीवर पुठ्ठ्याची पट्टी टाकायची, एका टोकाला पक्की, दुसऱ्याला मोकळी, नाहीतर वळणावर दुमडते. कोलाडच्या टोकाला उतार असलेली फळी लावायची. पहिला ट्रक सगळ्या डब्यांवरून चालत पार पुढच्या डब्यापर्यंत जातो, मग दुसरा, मग तिसरा.

वेर्ण्याला फळी गाडीच्या पुढच्या टोकाला लागली तर पहिला चढलेला ट्रक पहिला उतरतो. मागच्या टोकाला लागली तर शेवटचा आधी, तोही रिव्हर्समध्ये. वाटेत गाडी तबकडीवरून फिरवून नेली असेल तर सगळंच उलटं होतं. कुठला ट्रक पहिला उतरवायचा आहे हे कोलाडलाच ठरवून त्या क्रमाने चढवावं लागतं आणि चुकलं की सगळी गाडी रिकामी करून पुन्हा भरावी लागते.